उपज्झायाची पात्रता आणि विद्यार्थ्याचे मन

विनयपिटकाच्या महावग्गातील पहिला खन्धक, म्हणजे महाखन्धक, सामान्यतः पब्बज्जा आणि उपसंपदा यांच्या नियमांचा संग्रह म्हणून वाचला जातो. हे वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. शिकविणारा कोण असावा, त्याने किती विद्यार्थी ठेवावेत आणि विद्यार्थ्याचे मन खचले असता काय करावे, हे एका संस्थेने ठेचा खात खात कसे ठरविले, याचाही इतिहास त्या पानांत आहे. शाळाशिक्षकांना विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रशिक्षण देण्याचा विचार आज शासकीय पातळीवर होत असताना ही पाने पुन्हा उघडणे अप्रस्तुत ठरू नये.

आरंभी संघात उपज्झाय नव्हते. नवे भिक्खू चीवर नीट न पांघरता भिक्षेला जात, जेवणाऱ्या लोकांपुढे पात्र करीत, भोजनस्थानी गलका करीत. लोकांनी नावे ठेवली तेव्हा तथागतांनी उपज्झायाची योजना केली. त्याने सद्धिविहारिकाला पुत्रवत मानावे व सद्धिविहारिकाने त्याला पित्याच्या ठायी पाहावे, असे ठरले. पुढे येणारी कर्तव्ये बहुतांशी साधी आहेत : पात्र, चीवर, दातवण, पाणी, आजारपणात शुश्रूषा. मात्र त्यांच्याच ओळीत मनाची तीन दुखणी येतात. अनभिरति म्हणजे मन न रमणे, सारे सोडून जावेसे वाटणे. कुक्कुच्च म्हणजे आपल्या हातून काही चुकले की काय, ही आत सलणारी टोचणी. दिट्ठिगत म्हणजे एखाद्या विपरीत समजुतीत अडकणे. अनभिरति उत्पन्न झाली तर उपज्झायाने विद्यार्थ्याला त्या वातावरणातून दूर न्यावे, अथवा दुसऱ्याकरवी न्यावे, अथवा त्याच्याशी धम्मकथा करावी. ‘दुसऱ्याकरवी’ हा पर्याय वाचकांनी नजरेआड करू नये. प्रत्येक विद्यार्थ्याचे मन आपणच सावरले पाहिजे, असा आग्रह विनयात कोठेही नाही. शिवाय ही कर्तव्ये उभयपक्षी आहेत. उपज्झायाचे मन रमेनासे झाले, तर तेच सर्व सद्धिविहारिकाने करावयाचे आहे.

परंतु कर्तव्ये सांगितली म्हणून ती पार पाडणारे निर्माण होत नाहीत. वङ्गन्तपुत्त उपसेनाला स्वतःला एकच वस्सावास झाला असता त्याने शिष्य केला. ज्याला अजून इतरांनी शिकवावे, त्याने इतरांना शिकवावे कसे, अशी तथागतांनी त्याची कानउघाडणी केली आणि दहा वर्षांची अट घातली. तेवढ्याने भागले नाही. दहा वर्षे झालेले पण अडाणी भिक्खूही शिष्य करू लागले. तेव्हा ‘व्यक्त’ म्हणजे जाणता आणि समर्थ, हे शब्द नियमात आले. पात्रतेच्या पुढील याद्यांत विद्यार्थ्याची शुश्रूषा करण्याचे आणि त्याची अनभिरति स्वतः किंवा इतरांकडून दूर करण्याचे सामर्थ्य स्पष्टपणे नमूद आहे. सेवाज्येष्ठता म्हणजे योग्यता नव्हे, हे संघाला अनुभवाने कळले. आजच्या शाळाखात्याला ते कितपत कळले आहे, याविषयी आम्ही साशंक आहोत.

राजगृहातील सतरा मुलांचा प्रसंग तर मुळातून वाचावा असा आहे. उपालीचे आईबाप मुलाच्या भवितव्याचा विचार करतात. लेखनकला शिकविली तर बोटे दुखतील, गणना शिकविली तर छाती दुखेल, रूपविद्या शिकविली तर डोळे दुखतील. शाक्यपुत्रीय श्रमणांचे आयुष्य मात्र सुखाचे, तेव्हा त्याला तेथेच घालावे! परीक्षेच्या मोसमातल्या आपल्या घरांत हा संवाद अपरिचित वाटणार नाही. सवंगड्यांसह उपाली संघात येतो. रात्री सरता सरता ही मुले उठून पेजेसाठी, भातासाठी रडतात, अंथरुणे ओली करतात. उजाडेपर्यंत थांबा, एवढेच भिक्खूंना सुचते. पहाटे मुलांचा आवाज ऐकून तथागत आनंदाला विचारतात, आणि वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये, असा नियम होतो. येथे मुलांना दोष दिलेला नाही. त्या वयाला न झेपणाऱ्या ज्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत थंडी, ऊन, भूक, तहान यांच्या बरोबरीने लागट व अपमानास्पद बोलणे गणले आहे.

पुढे संपूर्ण कुटुंब रोगाने गेलेली दोन मुले भिक्खूंना पाहून धावत येतात आणि हाकलली गेल्यावर रडतात. तेव्हा पंधरा वर्षांची अट त्यांच्यासाठी शिथिल होते. कावळे हुसकावता येतात ना, एवढेच विचारले जाते. सामणेरांची संख्याही अशीच ठरली. आधी एका भिक्खूला दोन सामणेर ठेवण्याची बंदी होती. नंतर जाणत्या भिक्खूने दोन, किंवा जितक्यांना उपदेश व मार्गदर्शन करण्याचे बळ असेल तितके ठेवावेत, अशी अनुज्ञा मिळाली. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातले. संख्या आवश्यकच आहे. पण विनयाने मोजले ते शिक्षकाचे बळ.

शिक्षेबाबतही तोच क्रम दिसतो. उद्धट सामणेरांना संपूर्ण संघारामाची बंदी केली, तेव्हा ते निघून गेले, काहींनी चीवर सोडले. मग त्यांचे अन्न बंद केले, तेही निषिद्ध ठरले. शिवाय उपज्झायाला न विचारता त्याच्या सामणेरावर कोणी निर्बंध घालू नये, असा नियम झाला.

येथे एक सावधगिरी हवी. अनभिरति म्हणजे आजच्या वैद्यकातील नैराश्य, असे समीकरण मांडण्याचा मोह अभ्यासकांनी टाळावा. ज्याचे चित्त खरोखर भ्रमिष्ट झाले, अशा गग्ग नावाच्या भिक्खूसाठी संघाने वेगळा ठराव केला. उपोसथाची आठवण त्याला राहो वा न राहो, संघकार्य अडू नये आणि त्याच्यावर दोषही येऊ नये, अशी ती तरतूद होती. गुरूने सोबत करावयाचे दुखणे आणि त्याच्या आवाक्यापलीकडचे दुखणे हा भेद विनयाला ठाऊक होता.

आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे, आणि त्यांच्या विषयांत भावनिक व मानसिक आरोग्याचा समावेश आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांतील सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा असे प्रशिक्षण देण्याचा, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व अन्य वंचित विद्यार्थ्यांशी भेदभावरहित वर्तनाची तयारी करून घेण्याचा निर्देश दिला. २०१६ मध्ये रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी यांना गमावलेल्या समाजाला या दुसऱ्या भागाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळ्या बसविलेल्या भीमरावाच्या मनाला जे सोसावे लागले, त्यावर केवळ समुपदेशनाचा तास हे औषध नव्हते. बदलावयाचे होते ते वर्गाचे आणि शिक्षकाचे वर्तन.

त्या दोन आरोग्यदूतांविषयी मात्र एक प्रश्न उरतो. वर्ग, जनगणना, निवडणुका सांभाळून मुलांची दुःखे ऐकणाऱ्या या शिक्षकाचे स्वतःचे मन रमेनासे झाले, तर ते कोणी पाहावयाचे? विनयाने हे काम सद्धिविहारिकाकडे दिले होते. शाळेत ते मुलांवर टाकता येणार नाही. मुख्याध्यापक व सहशिक्षक यांच्याकडे ते नेमून द्यावे लागेल, आणि त्यासाठी वेळापत्रकात तास राखावा लागेल.