फिरत्या थाळीचा दोष आणि त्याची लय

ब्रिटिश राजघराण्याचे जवाहिरे असलेल्या लंडनच्या गॅरार्ड अँड कंपनीने १९१५ मध्ये गॅरार्ड इंजिनिअरिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली, ती संगीतासाठी नव्हे, तर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश तोफखान्याला लागणारी अंतरमापक यंत्रे तयार करण्यासाठी. युद्ध संपल्यावर हीच सूक्ष्म कारागिरी ग्रामोफोनच्या चावीच्या मोटारींकडे वळली आणि रेल्वेच्या कारखान्यामुळे ओळखले जाणारे इंग्लंडमधील स्विंडन हे गाव पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ध्वनिमुद्रिका फिरवणाऱ्या यंत्रांचेही गाव ठरले. या यंत्रांच्या दुरुस्तीचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: चालनाची पद्धत बदलली तसा दोष बदलला, परंतु दोष शोधण्याची खरी रीत, म्हणजे तो किती वेळाने परत येतो हे ऐकून बिघडलेला भाग ओळखणे, ती मात्र कायम राहिली.

चावीच्या मोटारीत पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग शक्ती पुरवते आणि ती शक्ती एकसारखी वापरली जावी म्हणून गव्हर्नर नावाचा नियंत्रक बसवलेला असतो. त्याच्या फिरत्या आसाभोवती पातळ पट्ट्यांवर बसवलेली लहान वजने वेग वाढला की बाहेर फेकली जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि ती चामड्याच्या किंवा फेल्टच्या तुकड्यावर घासून वेगाला आवर घालते. स्प्रिंगेच्या डब्यातील ग्रीस वाळले की पट्टीचे वेढे एकमेकांवरून सरकण्याऐवजी अडकतात आणि मग एकदम सुटतात, त्यामुळे मधूनच धक्का बसून आवाज होतो. गव्हर्नरची एखादी पट्टी वाकली वा तुटली तर स्वर सतत थरथरतो. धक्का क्वचित येतो आणि थरथर अखंड असते, एवढ्या फरकावरून जाणकार कारागीर मोटार न उघडताच दोन्ही दोष वेगळे करू शकतो.

ग्रामोफोनवर ख्याल आणि नाट्यपदे ऐकणाऱ्या महाराष्ट्रातील श्रोत्यांसाठी वेगाचा दोष हा थेट स्वराचा दोष होता. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी सुमारे साडेत्र्याहत्तर फेऱ्या पडल्या की संपूर्ण गायन अर्ध्या स्वराने उतरते, म्हणजे काळी एकमध्ये गायिलेले पद पांढरी एकमध्ये ऐकू येते. येथे घाई करणे योग्य नाही, कारण विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका नेमक्या ७८च्या वेगाने मुद्रित होतच असत असे नाही. म्हणून मोटारीला हात लावण्यापूर्वी दोष यंत्राचा आहे की मुद्रणाचाच वेग निराळा आहे, हे ठरवावे लागते. त्यासाठी स्ट्रोबोस्कोप, म्हणजे काळ्या-पांढऱ्या रेघांची चकती, उपयोगी पडते. सेकंदाला ५० आवर्तने करणाऱ्या विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि त्याच्या उजेडात ७७ रेघांचे वर्तुळ स्थिर दिसले, तर थाळी मिनिटाला ७७.९२ फेऱ्या घेत आहे असे समजते. ३३ १/३ च्या वेगासाठी अशा रेघा १८० असतात.

१९४८ मध्ये कोलंबियाने ३३ १/३ फेऱ्यांची आणि १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका बाजारात आणली, तेव्हा एकाच यंत्राने तीन वेग देणे आवश्यक झाले. १९५४ च्या सुमारास आलेल्या गॅरार्ड ३०१ या यंत्रात ही अडचण अत्यंत मजबूत रीतीने सोडवलेली दिसते. त्याच्या विजेच्या मोटारीच्या आसावर तीन पायऱ्यांची पुली असते. रबराची धाव असलेले आयडलर, म्हणजे मधले चाक, एका बाजूने या पुलीला आणि दुसऱ्या बाजूने जड थाळीच्या आतील कडेला टेकते व गती पोहोचवते. वेग बारकाईने जुळवण्यासाठी मोटारीच्या आसावरील धातूच्या चकतीजवळ चुंबक सरकवला जातो, तेव्हा चकतीत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि स्पर्श न करताच ब्रेक लागतो. या रचनेतील एक बाब वारंवार चुकीची समजली जाते. मधले चाक झिजून लहान झाले म्हणून थाळी मंदावत नाही, कारण वेग ठरतो तो पुलीच्या आणि थाळीच्या कडेच्या व्यासावरून. मंद गतीचे कारण बहुधा चाकाच्या घसरण्यात किंवा बेअरिंगमध्ये गोठलेल्या वंगणात सापडते.

३३ १/३ च्या वेगाने थाळीची एक फेरी १.८ सेकंदांत पूर्ण होते, आणि निदान या आकड्यापासूनच सुरू होते. स्वराचा हेलकावा दर १.८ सेकंदांनी येत असेल तर ध्वनिमुद्रिकेचे छिद्र केंद्रातून सरकलेले आहे, ती वाकलेली आहे किंवा थाळीच डुलते आहे. ध्वनिमुद्रिका बदलून पाहिली की यातील पहिल्या दोन शक्यतांचा निकाल लागतो. मधले चाक थाळीच्या एका फेरीत अनेक फेऱ्या घेत असल्याने त्याच्या धावेवरील खाच त्याहून जलद, ठक-ठक अशा ठेक्याने ऐकू येते. चार ध्रुवांची मोटार ५० आवर्तनांच्या विजेवर मिनिटाला पंधराशेहून थोड्या कमी फेऱ्या घेते, म्हणून तिचा कंप सेकंदाला सुमारे २४ वेळा होतो आणि तो ठेका न वाटता सलग घरघर वाटतो. तानपुऱ्याचा अखंड स्वर अशा परीक्षेला उत्तम, कारण द्रुत तानेत लपणारा हेलकावा तेथे उघडा पडतो.

चाकावर खाच पडण्याचे कारण बहुधा वापरात नसून विश्रांतीत असते. यंत्र त्याच्या दांड्याने बंद केले की मधले चाक पुलीपासून दूर होते. परंतु भिंतीवरचे बटण बंद केले किंवा वीज गेल्यावर दांडा तसाच राहिला, तर रबर त्याच जागी पुलीवर दाबून राहते आणि काही महिन्यांत तेथे कायमचा खळगा पडतो. अशा वेळी रबर बदलून, ते नेमके गोल घासून घ्यावे लागते. पुली स्पिरिटने पुसावी लागते आणि रबराला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नसतो. घरघर असेल तर मोटारीला टांगून धरणाऱ्या स्प्रिंगा तपासाव्या लागतात, कारण त्या सैल पडून मोटार सांगाड्याला टेकली की तिचा कंप थेट सुईपर्यंत पोहोचतो. ३०१ च्या आरंभीच्या यंत्रांत थाळीच्या बेअरिंगला ग्रीस आणि नंतरच्या यंत्रांत तेल लागते. हा भेद न पाहता एकाचे वंगण दुसऱ्यात घालणे हा मूळ दोषाहून मोठा दोष होय. आयडलरची यंत्रे घरघरतातच, असा जो समज रूढ झाला, त्यामागे रचनेपेक्षा दशकानुदशके न धुतलेल्या बेअरिंगांचा वाटा अधिक असावा.

एडगर व्हिल्चर यांच्या १९६१ च्या एआर यंत्राने रबरी पट्ट्याचे चालन लोकप्रिय केले आणि १९७० मध्ये टेक्निक्सच्या एसपी-१० मध्ये मोटार व थाळी एकाच आसावर आली, तेव्हा मधल्या चाकाची गरजच उरली नाही. १९६० मध्ये प्लेसी या उद्योगसमूहाकडे गेलेली गॅरार्ड १९७९ मध्ये ब्राझीलच्या ग्रेडिएंटेला विकली गेली. जुनी यंत्रे मात्र चालत राहिली. इंग्लंडप्रमाणे भारतातील वीजही ५० आवर्तनांची असल्याने तेथे वापरलेले गॅरार्ड मुंबई-पुण्यात पुली न बदलता योग्य वेगाने चालते. अमेरिकेतील ६० आवर्तनांच्या विजेसाठी बसवलेली पुली असेल, तर व्होल्टेज बदलूनही ३३ १/३ ऐवजी २८ हून कमी फेऱ्या पडतात, आणि अशा यंत्रात वंगणाचा वा रबराचा दोष शोधण्याआधी पुलीच पाहावी लागते.