मांडवीच्या पात्रातील द्यूत

पणजीस राजधानीचा मान 1843 साली मिळाला. त्यापूर्वी एक पिढी अगोदरच, परकीय अमलातही, येथील हिंदूंनी श्रीमहालक्ष्मीचे देवालय उभारण्याची अनुज्ञा मिळविली होती. या देवालयापासून थोड्याच अंतरावर वाहणाऱ्या मांडवीत आज द्यूताच्या नौका नांगर टाकून उभ्या असतात. हे कसे घडले, हे आपण पाहिले पाहिजे.

नवल असे, की या नौकांना जन्म दिला तो जुगारबंदीच्याच कायद्याने. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा 1976 साली झाला. 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे ठेवण्यास वाट मिळाली, आणि 1996 मध्ये नौकांवर पट मांडण्यास. बंदीच्या भिंतीला असे दार पाडण्यात आले.

शेजारी प्रांतांनी निराळा मार्ग धरला. महाराष्ट्रानेही त्याच 1976 साली कॅसिनोंस परवाना देणारा कायदा केला. परंतु तो कधीच अमलात आला नाही, व 2023 साली शासनाने तो रद्द करण्याचे ठरविले. सुरतेनजीक तापीच्या मुखाशी वसलेल्या हजिऱ्यासही 1887 च्या जुन्या मुंबई कायद्यापासून आलेली बंदीच लागू आहे.

गोव्यातील व्यवस्थेची खरी कसोटी मात्र फेब्रुवारी 2020 मध्ये लागली. तेव्हापासून खुद्द गोमंतकीयांना कॅसिनोंत खेळण्यास मनाई झाली. पाहुण्यांनी खेळावे, घरच्यांनी खेळू नये! जे आपल्या लेकरांस अपायकारक, ते परक्याच्या लेकरांस हितकर कसे, हा प्रश्न आम्हांस पडतो. कर आणि रोजगार यांचे मोल आम्ही जाणतो. तरी प्रश्न उरतोच.

आपल्या पूर्वजांना हे व्यसन अपरिचित नव्हते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात जुगाऱ्याच्या घराची दैना वर्णिलेली आहे, आणि फासे टाकून शेती करण्याचा उपदेश आहे. धर्मराजाची कथा तर सर्वांना ठाऊकच आहे.

परंतु केवळ नौकांकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. आपल्याच काही जत्रांतून, देवाच्या पालखीपासून हाकेच्या अंतरावर, रात्रभर जुगाराचे पट मांडले जातात, आणि कायद्याने ते निषिद्धच आहेत. मांडवीचे पात्र सरकारच्या हाती आहे. देवळाचे प्रांगण आपल्या हाती आहे. सुधारणेचा आरंभ तेथूनच व्हावा, असे आम्हांस वाटते.