स्वतःच्या तेराव्याला हजर

माणूस मेला हे आपल्याला कशावरून कळते? प्रश्न बाळबोध वाटेल, पण मृत्यूच्या नोंदींचा नाद लागल्यापासून तो माझी पाठ सोडत नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून गेली वीसेक वर्षे जुनी कोतवाल बुके, क्षेत्रोपाध्यांच्या चोपड्या आणि वर्तमानपत्रांतली निधनवार्तांची पाने वाचत आलो. त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की झाली. आपल्याकडे मरण ही कधीच एका माणसाच्या सांगण्यावर ठरणारी गोष्ट नव्हती. तिरडी बांधणारे चौघे, खांदा देणारे, सरणाची लाकडे देणारा, कोतवाल, दहाव्याचे भटजी आणि पुढे नाशिक-त्र्यंबकला गेल्यावर चोपडीत नाव लिहिणारे उपाध्ये अशा इतक्या हातांतून गेल्यावर मरण 'झाले' असे धरत. इंग्रजी अमलात त्यावर कायद्याचा शिक्का बसला. प्रेत सापडलेच नाही तर काय करायचे, याचेही उत्तर १८७२ च्या पुरावा कायद्याने कलम १०८ मध्ये देऊन ठेवले. ज्यांना बातमी कळायला हवी होती त्यांना सात वर्षे काहीच कळले नाही, तर तो माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते.

गेल्या चाळीस वर्षांत मात्र माणसाने असे एक गाव वसवले, जिथे तिरडी नाही, कोतवाल नाही आणि स्मशानही नाही. संगणकाच्या पडद्यावरच्या या गावात माणसे एकमेकांना टोपणनावाने ओळखतात, रोज बोलतात, एकमेकांच्या सुखदुःखात गुंततात. तिथे कोणी मेले, तर कोणीतरी तसे लिहिते आणि बाकीचे ते मानतात. अशा ठिकाणी मरणाचे सोंग आणणारे निघाले नसते तरच नवल. या सोंगांचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी लिहिलेला नाही, म्हणून हा लेख.

मरणाचे सोंग स्वतः नवे नाही. जुनी उदाहरणे चाळली की त्यांचे सरळ दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार पळून जाणाऱ्यांचा. ब्रिटिश खासदार जॉन स्टोनहाउस नोव्हेंबर १९७४ मध्ये मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून नाहीसा झाला. लोकांना वाटले बुडाला. महिनाभरानंतर, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, तो ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पोलिसांच्या हाती लागला. गंमत म्हणजे पोलिसांना आधी वाटले होते की हा लॉर्ड लुकन, म्हणजे त्याच सुमारास फरारी झालेला दुसराच इंग्रज असावा. कर्ज, खटला, नकोसा झालेला संसार यांतून सुटण्यासाठी मरणाची पळवाट काढणारे या जातीत येतात.

दुसरा प्रकार आपल्यामागे कोण रडते हे पाहणाऱ्यांचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये न्यूबरीपोर्ट गावी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टिमोथी डेक्स्टर नावाचा एक विक्षिप्त धनाढ्य व्यापारी राहत असे. त्याने स्वतःच्या मृत्यूची आवई उठवून थाटात अंत्यविधी करवला. सुमारे ३,००० माणसे जमली, असे त्याच्या जुन्या चरित्रांत सांगितले आहे. लपून पाहणाऱ्या डेक्स्टरला आपली बायको पुरेशी रडत नाही असे दिसले, तेव्हा त्याने प्रकट होऊन तिला छडीने मारले म्हणतात. कथेत तिखटमीठ असेल, पण तिच्यातली ओढ खरी आहे. पडद्यावरच्या गावातील बहुतेक मरणसोंगे याच दुसऱ्या जातीची आहेत. तिथे पळून जायचे तर मरावे लागत नाही, संगणक बंद केला की पुरते. तरीही माणसे मरतात, याचा अर्थ त्यांना जाण्यापेक्षा जाताना होणारा आक्रोश हवा असतो.

या इतिहासातले पहिले गाजलेले प्रकरण १९८० च्या दशकातले. कॉम्प्युसर्व्ह ही अमेरिकेतील सेवा घरच्या संगणकावरून टंकून गप्पा मारण्याची सोय देत असे. तिथे जोन नावाच्या न्यूयॉर्कच्या एका तरुणीचा मोठा गोतावळा जमला. मोटार अपघातात तिला अपंगत्व आले होते, बोलता येत नव्हते, पण बोटे चालत होती. अनेक स्त्रिया तिच्याजवळ मन मोकळे करत. प्रत्यक्षात जोन म्हणजे न्यूयॉर्कमधला एक पन्नाशीचा मानसोपचारतज्ज्ञ पुरुष होता. स्त्रिया आपल्याशी स्त्री समजून किती मोकळेपणी बोलतात याची त्याला चटक लागली होती. सोंग आवरेना, तेव्हा त्याने जोनला आजारी पाडले. ती रुग्णालयात अत्यवस्थ असल्याचे निरोप येऊ लागले. पण इथेच घोटाळा झाला. मैत्रिणी गप्प बसेनात. फुले कुठे पाठवायची, पत्रे कुठे लिहायची, रुग्णालय कोणते, असे विचारू लागल्या. शेवटी जोनला मरू न देता बरे करावे लागले आणि सोंग पुढे दुसऱ्या वाटेने उघडे पडले. लिंडसी व्हॅन गेल्डर या पत्रकार बाईंनी १९८५ साली 'मिज' या अमेरिकी मासिकात ही हकीकत लिहिली. आज ती या विषयातली मूळ बखर मानावी लागते.

दुसरे प्रकरण केसी निकोलचे. केसी ही अमेरिकेतील कॅन्सस राज्यातली एकोणीस वर्षांची, रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणारी मुलगी. २००० साली तिने आजाराची रोजनिशी जालावर लिहायला सुरुवात केली. तिची आईही त्याच काळात मुलीच्या आजाराविषयी लिहीत असे. हजारो लोक रोज वाचत, भेटवस्तू पाठवत, काही जण तिच्याशी फोनवर बोलतही. १५ मे २००१ रोजी बातमी आली की आदल्या दिवशी मेंदूतली रक्तवाहिनी फुटून केसी गेली. जगभरातील तिचे वाचक हळहळले.

मग काही जणांना सांत्वनाची पत्रे पाठवायची होती. पत्ता मिळेना. अंत्यविधीला जायचे होते, तर तो उरकून गेला असे उत्तर आले. कॅन्ससच्या वर्तमानपत्रांत निधनवार्ता सापडेना. मेटाफिल्टर या संकेतस्थळावर कोणीतरी विचारले की ही मुलगी मुळात होती का? त्यानंतर शेकडो अनोळखी माणसांनी मिळून जो शोध घेतला, तो माझ्यासारख्या नोंदी धुंडाळणाऱ्याला थक्क करणारा आहे. छायाचित्रांतील बारीकसारीक खुणा तपासल्या, शाळांच्या नोंदी पाहिल्या. आठवड्याच्या आत आई म्हणवणाऱ्या बाईने कबुली दिली. केसी कधी नव्हतीच. रोजनिशी बाईंनीच लिहिली होती आणि फोनवरचा आवाजही त्यांचाच होता. छायाचित्रे शाळेत बास्केटबॉल खेळलेल्या एका धडधाकट मुलीची होती आणि त्या बिचारीला याचा पत्ताही नव्हता.

याच सुमारास वैद्यकशास्त्राने या प्रकाराला नाव दिले. आजाराचे सोंग घेऊन रुग्णालयांच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांसाठी रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरांनी १९५१ साली 'लॅन्सेट'मध्ये मंचाउसेन हे नाव सुचवले होते. मंचाउसेन म्हणजे थापांसाठी प्रसिद्ध असलेला जर्मन उमराव. पुढे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मार्क फेल्डमन यांनी २००० साली या रोगाचा जालावरचा अवतार चार प्रकरणांवरून मांडला. जालावर रुग्णालय लागत नाही, तपासण्या लागत नाहीत, फक्त वाचायला कोणी असले की झाले. फेल्डमन यांनी सांगितलेल्या खुणा आजही उपयोगी पडतात. आजाराचे वर्णन पुस्तकातून उतरवल्यासारखे असते. लोकांचे लक्ष दुसरीकडे वळले की नेमके नवे संकट कोसळते. मरणाच्या दारातून माणूस पुन्हापुन्हा परततो. आई, बहीण, मित्र म्हणून जे लिहितात त्यांची भाषा आणि शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा रुग्णासारख्याच असतात. ही शेवटची खूण वाचली तेव्हा मला हसू आले, कारण बनावट सनद पकडताना आम्ही हेच पाहतो. देणाऱ्याचे आणि साक्षीदारांचे हस्ताक्षर एकाच वळणाचे निघाले की कागद बाजूला ठेवायचा.

पुढे हे सोंग मोठमोठ्यांच्या दारात पोहोचले. नोत्र दाम विद्यापीठाचा फुटबॉलपटू मँटाय टेओ याची प्रेयसी सप्टेंबर २०१२ मध्ये कर्करोगाने वारल्याची बातमी अमेरिकेतील नामांकित नियतकालिकांनी आणि वाहिन्यांनी डोळे पुसत दिली. १६ जानेवारी २०१३ रोजी डेडस्पिन या संकेतस्थळाने दाखवून दिले की अशी मुलगी कधी जगलीच नव्हती. टेओच्याच ओळखीतल्या एका व्यक्तीने ती रचली होती आणि टेओ स्वतः फसला होता. मोठ्या वृत्तसंस्थांनी ही बातमी नीट पडताळून न पाहताच दिली होती. २०२० साली एका अमेरिकी प्रेमकथालेखिकेने जाचाला कंटाळून आत्महत्या केल्याचे तिच्या फेसबुकवरून कळवले गेले. लेखिका-मैत्रिणींनी शोक केला, कोणी मदत उभारली, काही जणींवर छळाचे आरोपही झाले. जानेवारी २०२३ मध्ये ती स्वतःच परतली.

आणि मुंबई. २ फेब्रुवारी २०२४ रोजी अभिनेत्री पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्याचे तिच्या इन्स्टाग्राम खात्यावर झळकले. वाहिन्यांनी श्रद्धांजली वाहिली. दुसऱ्या दिवशी ती चित्रफितीत दिसली. या रोगाबद्दल जागृती व्हावी म्हणून हे केले, असे तिचे म्हणणे. आदल्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना या रोगावरील लस देण्यास उत्तेजन देण्याची घोषणा केली होती, त्यामुळे विषय ऐरणीवर होताच. मोहिमेत सहभागी असलेल्या जाहिरात संस्थेला मात्र माफी मागावी लागली.

'यात नुकसान कोणाचे झाले?' असा प्रश्न मला या विषयावर बोलताना हमखास विचारला जातो. पैशाचे नुकसान पुष्कळदा किरकोळ असते. खरे नुकसान त्यानंतर येणाऱ्या आजाऱ्याचे होते. केसीनंतर जालावर स्वतःच्या कर्करोगाबद्दल लिहिणाऱ्या खऱ्या रुग्णांकडे लोक संशयाने पाहू लागले. मरणाच्या दारातील माणसाला आपण आजारी असल्याचा पुरावा द्यायला लावणे, याहून क्रूर गोष्ट कोणती? शिवाय शोक करणाऱ्यांचे दुःख खोटे नसते. ज्याच्यासाठी रडलो तो नव्हताच असे कळल्यावर त्या दुःखाला तेरावाही नसतो आणि वर्षश्राद्धही नसते.

आपल्या इतिहासात याची उलटी बाजू सापडते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पुण्यात ते मन कोणाला मानवेना. पार्वतीबाईंनी सौभाग्यलेणे उतरवले नाही. त्या पोकळीत एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे हजारो माणसे गेली आणि अखेर १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला. तोतयाने मेलेल्या माणसाला जिवंत केले, केसीच्या आईने नसलेल्या मुलीला मारले. दोन्हीकडे लोकांच्या मायेवरच सोंग पोसले गेले.

आपल्या शास्त्रांना जिवंत माणसाचे श्राद्ध ठाऊक होते. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतःच करतो आणि घटश्राद्धात जातीबाहेर टाकलेल्या जित्या माणसाच्या नावाने घडा फोडत. पण दोन्ही विधी दहा जणांसमक्ष होत. जो 'मेला' तो समोर उभा आहे हे सगळ्यांना माहीत असे. त्यात फसवणूक नव्हती. सोंगात एकालाच माहीत असते आणि बाकीचे रडतात.

ही सगळी प्रकरणे शेजारीशेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. सोंग आधी डळमळले ते जवळ जाऊ पाहणाऱ्यांमुळे. संशयखोर नंतर आले. जोनच्या मैत्रिणींना फुले पाठवायची होती, केसीच्या वाचकांना पत्र लिहायचे होते, अंत्यविधीला जायचे होते. जे दोन ओळींची श्रद्धांजली टंकून पुढे सरकले त्यांच्यापासून सोंगाला धोका नव्हता. गावात कोणी गेल्याचे कळले की आपण पहिल्यांदा विचारतो, 'कधी नेणार? कुठून नेणार?' तो प्रश्न कोणाला चौकशी वाटत नाही. पण सांत्वन आणि शहानिशा दोन्ही त्यातच होऊन जातात. पडद्यावरच्या गावातही ती रीत पाळायला हरकत नसावी. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिण्याआधी घरच्यांना फोन करावा, भेटायला कधी येऊ म्हणून विचारावे. मरण खरे असेल तर त्या घराला आधार मिळेल. खोटे असेल तर त्याला उत्तर देता येणार नाही.