गायतोंडे यांनी न रंगवलेला समुद्र

मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचा स्टुडिओ होता. समोर समुद्र. त्याकडे पाहत ते दीर्घ काळ निश्चल बसत. मात्र त्यांच्या साठच्या दशकातील चित्रांत लाट, होडी किंवा किनारा शोधूनही सापडत नाही.

१९४८ साली त्यांनी सर ज. जी. कला महाविद्यालयातून पदविका घेतली. तिथे जलरंगातील निसर्गचित्रणाची भक्कम परंपरा होती: स्थळी जावे, प्रकाश पकडावा, दृश्य कागदावर उतरवावे. पुढे झेन विचाराच्या वाचनाने गायतोंडे यांची वाट पालटली. समुद्रापाशी लाभणारी स्तब्धता हाच जणू चित्राचा विषय झाला. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचा थर चढवायचा, खरवडायचा, थांबायचे. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण होत.

तरीही आडव्या कॅनव्हासवरचा धूसर पट्टा पाहून प्रेक्षक म्हणणारच, ‘हे क्षितिज!’ हे वाचन अगदीच चुकीचे म्हणवत नाही. गायतोंडे यांनी मात्र ते नाकारले असते. ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना नको होता. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. अमूर्तात आधीच्या मूर्ताची आठवण उरते, वस्तुनिरपेक्षात तीही नसते.

१९६८च्या सुमारास त्यांचा कॅनव्हास उभा झाला आणि क्षितिजाला टेकायला जागाच राहिली नाही. चित्रांना शीर्षक नसे. सही आणि साल बहुधा मागच्या बाजूस.