वरणात कुस्करायची गोळी

ईलिंग रोडवर मेथीची जुडी निवडत होतो, तेवढ्यात एका ओळखीच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. मी औषधाच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस. निवृत्त झालो तरी वेम्बलीतली मराठी मंडळी मला गोळ्यांची पाकिटं दाखवायचं थांबत नाहीत. ताईंनी पर्समधून एक पट्टी काढली. सासूबाईंनी सांगलीहून कुणाच्या तरी बॅगेतून पाठवली होती.

"काका, वरणात कुस्करून घातली तर चव लागेल का हो?"

पट्टीवर नाव होतं डायसल्फिराम.

तुम्हीही त्या जाहिराती पाहिल्या असतील. एसटी स्टँडच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात: दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत. त्यातल्या पुड्यांमध्ये नेमकं काय असतं ते देव जाणे. पण ताईंच्या हातातली गोळी खरी होती आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटली. तिची गोष्ट आपल्या लोकांना माहीत असायला हवी.

ती गोष्ट रबरापासून सुरू होते. रबर पक्कं करायला गंधकाची काही रसायनं वापरतात. अमेरिकेतल्या एका कारखान्याचे डॉक्टर विल्यम्स यांच्या लक्षात आलं, की अशा रसायनाजवळ काम करणाऱ्यांना दारू सोसेनाशी झाली आहे. घोटभर घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते. १९३७ साली त्यांनी हे वैद्यकीय नियतकालिकात कळवलं, आणि दारूच्या व्यसनावर हा इलाज ठरेल की काय, अशी शंकाही बोलून दाखवली. पुढे दहा वर्षं ती तशीच पडून राहिली.

मग कोपनहेगन. येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे एका औषध कंपनीत जंतांवरचं औषध शोधत होते. डायसल्फिराम त्यांना त्यासाठी आशादायक वाटलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दोघांनी गोळ्या स्वतःच घेऊन पाहिल्या. जंतांचं काय झालं ते राहू दे, पण जेवणाबरोबर बिअर घेतली की दोघांचीही तब्येत बिघडायला लागली. एकमेकांशी बोलल्यावर गुन्हेगार कोण ते कळलं. मार्टेन्सन-लार्सन या डॉक्टरांनी ते औषध रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर १९४८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लेख आले. बाजारातलं नाव पडलं अँटाब्यूस.

१९४८ साल आपल्या वेम्बलीचंही आहे. त्या जुलैत एनएचएस सुरू झाली, महिनाअखेरीस इथल्या स्टेडियममध्ये ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं आणि १२ ऑगस्टला तिथेच भारताने ब्रिटनला हॉकीत ४-० हरवलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्याच ऑलिम्पिकमध्ये कुस्ती खेळून सहावे आले. हे विषयाला सोडून झालं, पण वेम्बलीवर लिहिताना मला राहवत नाही.

गोळी करते काय? पोटात गेलेल्या दारूचं शरीर आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. हे विषारी असतं, पण यकृतातलं एक एन्झाइम त्याचा लगेच निकाल लावतं. डायसल्फिराम त्या एन्झाइमलाच बंद पाडतं. मग विष साचतं: चेहरा तापतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणजे ही गोळी दारूची ओढ मुळीच कमी करत नाही. ती फक्त भीती घालते. आणि भीती वाटायला आपण काय घेतलंय ते माणसाला माहीत असावं लागतं. वरणातून नकळत दिली तर भीती उरतच नाही, उरतं फक्त विष. सुरुवातीच्या वर्षांत तर रुग्णाला इस्पितळात मुद्दाम थोडी दारू पाजून हा झटका दाखवत असत आणि डोसही मोठे होते. त्यात माणसं दगावली, तेव्हा डोस खाली आले.

मुंबईत त्याच सुमाराला वेगळाच प्रकार चालला होता. १ ऑगस्ट १९३९ला शहरात दारूबंदी आली होती, तेव्हा आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. गिल्डर यांच्याकडे होती. मग १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्यातून परवाना पद्धत आली, आणि परवान्याचं कारण काय, तर प्रकृतीस्वास्थ्य! कोपनहेगनचे डॉक्टर न पिण्यासाठी चिठ्ठी लिहीत होते आणि आपल्याकडे पिण्यासाठी प्रकृतीचा दाखला लागत होता. महाराष्ट्रात परवान्याची ती भाषा अजून टिकून आहे.

कायद्याच्या आधी आपल्याकडे होती ती शपथ. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलं. सुधाकर दारू सोडतो आणि पुन्हा धरतो, ते आपण पिढ्यान् पिढ्या रडत पाहत आलो. त्यातून आपल्या मनात दोनच गोष्टी पक्क्या बसल्या: पुरुषाचा निर्धार कमी पडतो आणि सिंधूने सोसायचं. हा आजार आहे आणि त्यावर औषध असू शकतं, हे त्या नाटकात कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. ते आपल्या डोक्यात आजही येत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

वेम्बलीहून फार लांब नाही, साउथॉलला सेंट बर्नार्ड्स इस्पितळ आहे. जुनं नाव हॅनवेल असायलम. वेड्यांना साखळदंडाने बांधणं तिथे जॉन कॉनॉली यांनी १८३९मध्ये बंद केलं. त्याच आवारात १९५८पासून मॅक्स ग्लाट यांनी दारूच्या रुग्णांसाठी विभाग चालवला. ग्लाट हे हिटलरच्या जर्मनीतून सुटलेले ज्यू निर्वासित. रुग्णांनी एकत्र बसून बोलायचं, यावर त्यांचा भर होता. आपल्याकडे हा विचार १९८६च्या ऑगस्टमध्ये पुण्यात मुक्तांगणच्या रूपाने आला. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. लं. आणि सुनीताबाईंनी पैशांचा भार उचलला.

पुढची औषधं वेगळ्या जातीची निघाली. दारूने मेंदूत जी मजा उठते ती नाल्ट्रेक्झोन बोथट करतं. अमेरिकेत १९९४मध्ये त्याला दारूसाठी मान्यता मिळाली. फ्रान्समधून आलेलं अकॅम्प्रोसेट दारू सोडल्यानंतरची बेचैनी शांत ठेवायला मदत करतं. दोन्हींवर दारू प्यायली तरी अँटाब्यूससारखा झटका येत नाही. इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेने २०११मध्ये ही दोन औषधं समुपदेशनासोबत आधी द्यावीत आणि डायसल्फिराम नंतर, असं सांगितलं.

आणि आता मुंबई. अविनाश आणि अॅलन डिसूझा या मानसोपचारतज्ज्ञांनी १०० पुरुष घेतले. निम्म्यांना डायसल्फिराम दिलं, निम्म्यांना नाल्ट्रेक्झोन. २००४मध्ये निकाल छापून आला: वर्षअखेर डायसल्फिरामवाले ८६ टक्के दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्झोनवाले ४४ टक्के. पुढच्या वर्षी अकॅम्प्रोसेटशी तुलना केली, तेव्हाही ८८ विरुद्ध ४६. जुनी, बदनाम, रबराच्या कारखान्यातली गोळी जिंकली! ओढ मात्र नाल्ट्रेक्झोनवाल्यांचीच कमी झाली होती.

हे कसं झालं? या अभ्यासात घेतलेल्या प्रत्येक माणसाच्या घरात कुणीतरी होतं, जे गोळी वेळेवर घ्यायला लावेल आणि तपासणीला सोबत येईल. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कोणतं औषध चालू आहे ते माहीत होतं. टीकाकार याला अभ्यासातली कमतरता म्हणतात, आणि नियमाने ते बरोबर आहे. पण ज्या औषधाचं काम भीतीवरच चालतं, ते झाकून कसं तपासणार? माझ्या मते ते आकडे गोळीइतकेच गोळी देणाऱ्या हाताचे आहेत.

तो हात आपल्याकडे इथे नसतो. वेम्बली पार्कच्या नव्या मनोऱ्यांत चार पोरं मिळून फ्लॅट घेतात. बायको असली तर ती सहाची ट्यूब पकडते. डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे. तिथे गणपतीला शेकडो लोक भेटतील, पण "माझा नवरा पितो" हे वाक्य मी तिथे एकदाही ऐकलेलं नाही.

ताईंना मी भाजीच्या दुकानातच सगळं सांगितलं. हृदय किंवा यकृत कमजोर असेल तर ही गोळी जीव घेऊ शकते. शेवटच्या प्याल्यानंतर निदान २४ तास तरी ती चालत नाही. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो, आणि त्या काळात माउथवॉशमधलं अल्कोहोलसुद्धा नडू शकतं. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत दारू थांबवणंही धोक्याचं, फिट येऊ शकते. त्यासाठी आधी काही दिवस वेगळी औषधं द्यावी लागतात. ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना सांगावं लागेल."

सांगायला त्यांना तीन आठवडे लागले. घरात मोठं भांडण झालं, तेही मला फोनवर ऐकवलं. सांगलीची पट्टी मी औषधाच्या दुकानात परत करायला लावली. जीपीने स्थानिक व्यसनमुक्ती सेवेकडे पाठवलं, तिथे रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला. नाल्ट्रेक्झोन की डायसल्फिराम, हे त्यांच्या यजमानांना विचारलं गेलं. त्यांनी जुनीच गोळी निवडली. कारण विचारलं तर म्हणाले, मला माझा भरवसा नाही.

रोज सकाळी ताई कामावर निघून गेलेल्या असतात. म्हणून पावणेसातला ते सांगलीला व्हिडिओ कॉल लावतात. आई तिकडे पोळ्यांची कणीक मळत असते. पाण्यात गोळी विरघळवून ते कॅमेऱ्यासमोर पितात, रिकामा पेला उलटा करून दाखवतात. आई म्हणते, "बरं, ठेव आता," आणि फोन ठेवते. अकरा महिने झाले. मधे दोनदा कॉल लागला नव्हता, त्या दोन्ही दिवशी आईने दुपारी ताईंना फोन केला होता.