हरित पोलाद : महाराष्ट्र व मराठवाडा

हरित पोलाद : कार्बन डायऑक्साइड व इतर हरितगृह वायूंचे उत्सर्जन शक्य तितके कमी ठेवून तयार केलेले पोलाद. दिसायला, वजनाला आणि ताकदीला ते नेहमीच्या पोलादासारखेच असते. वेगळेपण असते ते कच्च्या मालात आणि भट्टीच्या इंधनात. भारत 2018 पासून कच्च्या पोलादाच्या उत्पादनात चीनखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आहे. 2023-24 मध्ये देशात सुमारे 14.4 कोटी टन पोलाद तयार झाले आणि 2017 च्या राष्ट्रीय पोलाद धोरणानुसार 2030-31 पर्यंत 30 कोटी टनांची क्षमता उभी करायची आहे. देशाच्या एकूण उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा 10 ते 12 टक्के धरला जातो. तरीही दरडोई वापर जेमतेम 100 किलो, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. घरे, पूल, विहिरींची बांधकामे अजून व्हायची आहेत अशा देशाला ‘पोलाद कमी वापरा’ हा सल्ला देऊन भागत नाही. प्रश्न आहे तो ते कसे बनवायचे याचा.

उत्सर्जनाचे मूळ रसायनात आहे. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे संयुग. त्यातला ऑक्सिजन काढून घ्यायला बहुधा कार्बन वापरतात. कोळसा एकाच वेळी उष्णता देतो आणि ऑक्सिजनही ओढून घेतो. झोतभट्टीत कोक जाळून हे काम होते, तेव्हा एक टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भारतीय कारखान्यांची सरासरी सुमारे अडीच टन आहे, जगाच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त. नैसर्गिक वायूने खनिजातला ऑक्सिजन काढला तर आकडा दीड टनाच्या आसपास येतो. हायड्रोजन वापरला तर धुराऐवजी वाफ निघते. आणि जुनेच लोखंड वितळवले तर ऑक्सिजन काढण्याचा प्रश्नच उरत नाही. ते काम कोणीतरी पूर्वीच करून ठेवलेले असते.

केंद्रीय पोलाद मंत्रालयाने 12 डिसेंबर 2024 रोजी हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन असलेले तयार पोलाद हरित धरावे, असे तीत ठरले. 2.2 ते 2.0 टनांना तीन तारे, 2.0 ते 1.6 टनांना चार आणि 1.6 टनांच्या खाली पाच तारे. मोजमाप व प्रमाणपत्राचे काम मंडी गोविंदगढ येथील राष्ट्रीय दुय्यम पोलाद तंत्रज्ञान संस्थेकडे दिले आहे. मर्यादा दर तीन वर्षांनी तपासली जायची आहे. पाश्चात्त्य देशांतल्या कसोट्यांशी तुलना करता ही व्याख्या सैल आहे, यात शंका नाही. पण देशाची सरासरीच अडीच टन असताना सुरुवात यापेक्षा कडक ठेवली असती, तर प्रमाणपत्र घ्यायला फार थोडे कारखाने पुढे आले असते.

महाराष्ट्रातील पोलादाची जडणघडण एका उणिवेने ठरवली. या प्रदेशात लोहखनिज आहे, दगडी कोळसाही आहे. पण कोक करण्याजोगा कोळसा नाही. जमशेटजी टाटांचे लक्ष पोलादाकडे वळले ते चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजामुळे. जर्मन तज्ज्ञ रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा 1882 चा अहवाल त्यांच्या वाचनात आला होता. खनिज उत्तम निघाले, पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा कोकला चालेना. पुढे टाटांचा कारखाना पूर्वेकडे गेला आणि साकचीचे जमशेदपूर झाले. पुढे या राज्यात जे पोलाद बनले, ते बरेचसे कोकला वळसा घालूनच.

हा वळसा प्रत्येक भागात वेगळा आहे. विदर्भात कोळशावर चालणाऱ्या फिरत्या भट्ट्यांत स्पंज लोह, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून मिळवलेले लोखंड, तयार होते. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्गुस आणि भंडाऱ्याजवळील वरठी ही त्याची जुनी ठिकाणे. साध्या कोळशावर भागत असल्याने ही पद्धत सोयीची ठरली, पण टनभर स्पंज लोहामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. हरित पोलादाच्या दृष्टीने राज्यातला सर्वांत अवघड तुकडा हाच. गडचिरोलीतील सुरजागडचे खनिज आता हेडरीहून कोनसरीपर्यंत सुमारे 85 किलोमीटरच्या नळातून, पाण्यात कालवून नेण्याची सोय झाली आहे. त्यामुळे ट्रकांची धूळ आणि डिझेल वाचते, हे खरे. मात्र ज्या जंगलातून खनिज निघते त्याचा हिशेब टनामागील कार्बनच्या आकड्यात येत नाही. कोकणात रायगड जिल्ह्यातील साळाव आणि डोलवी येथे 1990 च्या दशकात नैसर्गिक वायूवर स्पंज लोह बनू लागले. वायू महागला आणि अपुरा पडू लागला, तशा अडचणी वाढल्या. डोलवीत मग कोकभट्टीतून निघणारा वायूही त्या कामी लावला गेला. झोतभट्ट्या तिथे आहेतच आणि त्यांचा कोळसा धरमतरच्या खाडीतून येतो. पुण्यात मुंढवा येथे कल्याणी समूहाच्या कारखान्याने विद्युत भट्टी आणि अपारंपरिक वीज यांच्या जोरावर बनवलेले पोलाद डिसेंबर 2022 मध्ये ‘फेरेस्टा’ या नावाने बाजारात आणले. ते वाहनांच्या व यंत्रांच्या सुट्या भागांसाठी आहे, घरबांधणीच्या सळईसाठी नव्हे.

सळईसाठी मराठवाड्यातले जालना. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या शहराच्या जुन्या बाजारपेठेवरून पडली. आज त्याची ओळख बियाणे आणि सळई या दोन मालांनी होते. ना खाण, ना कोळसा, ना बंदर, आणि पाण्याची कायमची ओढाताण, अशा ठिकाणी पोलाद उद्योग उभा राहणे नकाशा पाहून कोणालाही सुचले नसते. तो उभा राहिला भंगारावर. देशभरातून आणि न्हावाशेवा बंदरातून येणारे भंगार, जोडीला चंद्रपूर, रायपूर, बेल्लारीकडचे स्पंज लोह आणि महावितरणची वीज, एवढे तीन जिन्नस येथील इंडक्शन भट्ट्यांना पुरतात.

इंडक्शन भट्टी म्हणजे तांब्याच्या पोकळ नळीच्या वेटोळ्यात बसवलेली एक खोल मूस. वेटोळ्यातून मध्यम वारंवारितेचा विद्युतप्रवाह सोडला की मुशीतल्या लोखंडात भोवरे प्रवाह तयार होतात आणि ते आतूनच तापून वितळते. नळीतून सतत पाणी खेळते; ते थांबले तर वेटोळे जळते. मुशीला आतून गारगोटीच्या भुकटीचे अस्तर असते. कामगार त्याला ‘रॅमिंग मास’ म्हणतात आणि ठराविक ‘हीट’ झाल्या की ते फोडून नवे ठोकतात. हे अस्तर आम्लधर्मी असल्याने फॉस्फरस आणि गंधक भट्टीत निघून जात नाहीत. म्हणून जे भंगार आत गेले तेच सळईत उतरते. आयएस 1786 या मानकानुसार ‘एफई 500’ प्रतीच्या सळईत या दोन्हींचे मिळून प्रमाण 0.105 टक्क्यांपर्यंत चालते, ‘500 डी’ प्रतीत 0.075 टक्क्यांपर्यंतच. ‘डी’ प्रत काढायची तर भंगार निवडूनच घ्यावे लागते किंवा वितळलेला रस पुढच्या शुद्धीकरण भट्टीत न्यावा लागतो. तांबे तर तिथेही निघत नाही. पंपाच्या मोटारीतली गुंडाळी नीट न काढता भट्टीत टाकली, तर रुळांतून ओढताना सळईला चिरा पडतात.

भंगाराच्या ढिगापाशी उभे राहिले की या धंद्याची खरी कसोटी कळते. तोंड बंद असलेला नळ, जुना गॅस सिलिंडर, वाहनाचा शॉक ॲब्सॉर्बर, पावसात भिजलेला पत्र्याचा दाबून केलेला गठ्ठा, यांतली कोणतीही एक वस्तू चुकून भट्टीत गेली की आतली हवा क्षणात फुगून किंवा पाण्याची वाफ होऊन रस उडतो. निवड करणारे हात बहुतेक वेळा कंत्राटी आणि परप्रांतीय असतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा टाकला की पांढरा धूर उठतो. तो भट्टीच्या कडेने शोषून पिशवीगाळणीत अडवावा लागतो. टनामागे कार्बन किती, या एका आकड्यात यातले काहीच येत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘लाल’ वर्गातला कारखाना पाच तारे मिळवू शकतो, ही या व्याख्येची मर्यादा समजून घेतली पाहिजे.

मात्र कार्बनचा हिशेब या भट्ट्यांच्या बाजूचा आहे. निव्वळ भंगार वितळवायला टनामागे साधारण 600 युनिट वीज लागते. भारतीय जाळ्यातील एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर हे 420 किलो झाले. रुळांतून ओढण्याचे इंधन मिळवले तरी आकडा अर्ध्या टनाच्या जवळपास राहतो. भट्टीतल्या रसाचा ओतलेला लालबुंद दांडा, म्हणजे बिलेट, थंड होऊ न देता थेट मिलमध्ये घेतला तर पुन्हा तापवण्याचे इंधनही वाचते. भंगार महागले की मालक स्पंज लोहाचा वाटा वाढवतो आणि गणित फिरते. कोळशावरचे स्पंज लोह निम्मे घातले की ढोबळमानाने दीड टनाच्या पुढे जाऊन पाचवा तारा डळमळतो; चार पंचमांश घातले की 2.2 टनांची मर्यादाच ओलांडली जाते. तीच भट्टी, तोच कारखाना, तीच सळई. भंगार आणि स्पंज यांच्या भावातील फरकावर पोलाद हरित ठरते किंवा ठरत नाही.

भंगाराचे मोल शासनाने नोव्हेंबर 2019 च्या पोलाद भंगार पुनर्वापर धोरणात मान्य केले. टनभर भंगार वापरले तर सुमारे 1.1 टन खनिज आणि 600 ते 700 किलो कोकयोग्य कोळसा वाचतो. अडचण पुरवठ्याची आहे, आणि ती विकसनशील देशाची खास अडचण आहे. ज्या देशांनी शंभर वर्षांपूर्वी पूल आणि कारखाने बांधले त्यांच्याकडे मोडायला पुष्कळ आहे. आपल्याकडचे बहुतेक पोलाद आत्ता कुठे बांधकामात शिरले आहे.

बीड तालुक्यात बालाघाटाच्या पठारावर, मांजरसुंबा–पाटोदा रस्त्यालगत वसलेले लिंबागणेश हे भालचंद्र गणपतीसाठी प्रसिद्ध असलेले गाव याचे नेमके उदाहरण ठरते. गावात पोलादाचा कारखाना नाही. पण पोलादाच्या फेऱ्याची दोन्ही टोके अशाच गावांत असतात. एका टोकाला भंगारवाला. नांगराचा झिजलेला फाळ, बैलगाडीच्या चाकाची धाव, गंजलेले पत्रे, विहिरीवरच्या जुन्या मोटारीची बॉडी अशा वस्तू तो काट्यावर तोलून घेतो, तांबे-पितळ वेगळे काढतो आणि लोखंड शहरातील व्यापाऱ्याकडे पोचवतो. दुसऱ्या टोकाला घर. 500 चौरस फुटांच्या स्लॅबच्या घराला साधारण दीड ते दोन टन सळई लागते. भंगाराच्या वाटेने आली असेल तर तिच्यामागे टनभर कार्बन डायऑक्साइड, कोळशावरच्या स्पंज लोहाच्या वाटेने आली असेल तर चार-पाच टन. ही सळई पुन्हा भंगारात यायला चाळीस-पन्नास वर्षे जातील. तोवर वाढती मागणी केवळ भंगारावर भागणार नाही, त्यामुळे खनिजापासून स्वच्छ लोखंड काढण्याची वाट शोधावीच लागेल.

बालाघाटाचा तिसरा संबंध विजेचा आहे. बीड जिल्ह्यातील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत, सौरप्रकल्पही आले आहेत. केंद्राच्या 2022 च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी 100 किलोवॉट मागणीच्या ग्राहकालाही अशी वीज थेट प्रकल्पाकडून घेण्याची मुभा दिली. भंगार वितळवणाऱ्या भट्टीच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा विजेचाच, त्यामुळे वीज बदलली की टनामागचा आकडा अर्ध्या टनावरून शंभर-दीडशे किलोंवर येऊ शकतो. फक्त वेळ जुळत नाही. रात्रीच्या वीजदरातील सवलतीमुळे भट्ट्या वर्षानुवर्षे रात्री जोरात चालत आल्या. सूर्य रात्री उपयोगाचा नाही. वीज आयोगाच्या अलीकडच्या दरआदेशांचा कल सवलत दुपारकडे नेण्याचा आहे. पठारावरचा वारा पावसाळ्यात दिवसरात्र वाहतो, पण सुगीनंतर मंदावतो. वारा आणि ऊन मिळून वर्षाचा बराच भाग निघतो, उरलेला औष्णिक विजेवरच काढावा लागतो. या प्रकल्पांसाठी जमिनी देणाऱ्या शेतकऱ्यांचे मोबदल्याचे, रस्त्यांचे आणि तारांखालच्या पिकांचे वाद हा हरित विजेच्या किमतीचाच भाग समजायला हवा, पण तो कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

हायड्रोजनचा मार्ग अजून दूर आहे. स्वीडनमध्ये 2021 साली हायड्रोजनने स्पंज लोह काढून दाखवण्यात आले. भारताच्या जानेवारी 2023 च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाच्या 19,744 कोटींपैकी 455 कोटी रुपये पोलादातील प्रायोगिक प्रकल्पांसाठी आहेत. महाराष्ट्रानेही जुलै 2023 मध्ये स्वतःचे हायड्रोजन धोरण मंजूर केले. टनभर लोखंडाला 50 किलोहून अधिक हायड्रोजन लागतो आणि एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला सुमारे 50 युनिट वीज. म्हणजे भंगार वितळवण्याच्या चौपटीहून जास्त वीज केवळ हायड्रोजनवर. ही उडी समुद्रकाठचे मोठे कारखाने घेऊ शकतील, मराठवाड्यातल्या भट्ट्या नव्हे.

युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन आकारणीचा हिशेब ऑक्टोबर 2023 पासून द्यावा लागू लागला आणि प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा 1 जानेवारी 2026 पासून सुरू झाला. तिचा धाक निर्यातदारांना आहे. जालन्याची सळई राज्यातल्या आणि शेजारच्या बांधकामांवर जाते. तिथला गिऱ्हाईक भाव विचारतो, फार तर ‘500 की 550’ आणि ‘डी आहे का’ एवढे विचारतो. सळईवर कंपनीचे नाव, मानकाची खूण आणि प्रत उमटवलेली असते, तारे नसतात. प्रमाणपत्र कारखान्याला वर्षाच्या हिशेबावर मिळते. बाहेरून बिलेट विकत घेऊन सळई ओढणाऱ्या छोट्या मिलला ते हवे असेल, तर बिलेट कोणत्या भट्टीतून आले, तिथे स्पंज किती आणि वीज कुठली, हे आधी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे लागते.