शांघायच्या बागेची पाटी

शांघायला गेलेला प्रवासी पहिल्या दिवशी नदीकाठ गाठल्याशिवाय राहत नाही. ह्वांगपू नदीच्या पश्चिम तीरावर जुन्या पेढ्यांच्या, कचेऱ्यांच्या भारदस्त इमारती ओळीने उभ्या आहेत. त्या पाहत उत्तरेकडे चालत गेले, की सूचौ खाडी नदीला मिळते त्या कोपऱ्यात एक लहानशी बाग लागते. जेमतेम पाच एकरांची. पलीकडच्या काठावर आभाळाला टेकलेले मनोरे, नदीत बोटींची ये-जा, पाठीमागे १९०७ सालचा पोलादी पूल. या सगळ्या थाटामाटात बाग बिचारी नजरेतच भरत नाही. तरीही चीनमधल्या शाळकरी पोरालाही या बागेची गोष्ट ठाऊक असते.

अफूच्या युद्धात हार खाल्ल्यावर चीनला शांघाय बंदर परक्या व्यापाऱ्यांना खुले करावे लागले. इंग्रज आले, अमेरिकन आले. त्यांनी आपली वसाहत थाटली, आपली नगरपालिका काढली, आपले पोलीस नेमले. भूमी चीनची आणि कारभार पाहुण्यांचा! खाडीच्या तोंडाशी साचलेल्या गाळावर भराव घालून त्यांनी १८६८ साली ही बाग उभी केली. हिरवळ, फुलांचे ताटवे, बँडसाठी चबुतरा, सगळे विलायती पद्धतीचे. नाव ठेवले ‘पब्लिक गार्डन’. सार्वजनिक बाग! आणि शहरात ज्यांची वस्ती सर्वांत दाट, त्या चिनी लोकांना मात्र फाटकातून आत पाऊल टाकण्याची मनाई. साहेबाच्या मुलाला फिरवायला आणणारी चिनी आया तेवढी आत जाऊ शके. तिच्या स्वतःच्या मुलाला ती वाट बंद.

बागेचा खर्च चाले नगरपालिकेच्या पैशांतून, आणि कराचा मोठा वाटा भरत ते चिनी रहिवासीच. १८८० नंतरच्या काळात तिथल्या प्रतिष्ठित चिनी गृहस्थांनी नगरपालिकेकडे अर्ज केले, ते नेमक्या याच मुद्द्यावर. भाषा अत्यंत सभ्य, मागणी अगदी साधी. पालिकेने काही काळ पास देऊन पाहिले, मग १८९० साली खाडीच्या काठाने चिनी लोकांसाठी एक निराळी बाग काढून दिली. देणाऱ्याला वाटले, तंटा मिटला. पण हिरवळीसाठी का कोणी इतके अर्ज करतो?

आता त्या सुप्रसिद्ध पाटीविषयी. ‘कुत्र्यांना आणि चिनी माणसांना प्रवेश नाही’ अशी पाटी फाटकावर होती, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १९७२ च्या एका हाँगकाँगी चित्रपटात ब्रूस लीने ती लाथेने फोडली, तेव्हा चित्रगृहे दणाणून गेली असतील! इतिहासकार मात्र जरा रुक्ष प्राणी. त्यांनी जुन्या नियमावल्या काढून वाचल्या. एक नियम म्हणतो, बाग परकीय समाजासाठी राखीव आहे. त्याच्या खाली, निराळ्या कलमात, कुत्री आणि सायकली आत आणू नयेत असे आहे. लोकप्रसिद्ध शब्दांत तशी पाटी होती, याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. म्हणून काही इंग्रज लेखकांनी हा सगळा चिन्यांचा कांगावा ठरवला. हा न्याय अजब म्हणायचा! दोन कलमे वेगवेगळ्या ओळींवर होती, याने बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय दिलासा? लोकांनी दोन ओळींची एक केली एवढेच. अर्थ त्यांनी पदरचा घातलेला नाही.

त्या चित्रपटात फाटकावर जो पहारेकरी दाखवला आहे, तो शीख आहे. ते काही दिग्दर्शकाच्या मनचे नव्हे. १८८० च्या दशकापासून इंग्रजांनी पंजाबातून शीख शिपाई आणून शांघायच्या पोलीस दलात भरती केले. घरी शेतीत भागत नसे, इथे पगार बरा मिळे. गोऱ्या शिपायापेक्षा मात्र कमीच. १९०८ साली त्यांचा गुरुद्वाराही शहरात उभा राहिला. चिनी लोक त्यांना लाल पागोट्यावरून हेटाळणीच्या नावाने हाक मारीत. १९२५ च्या ३० मे रोजी नानजिंग रस्त्यावर निदर्शकांवर गोळीबार झाला. हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा, बंदुका शीख आणि चिनी शिपायांच्या हातांत. स्वतः परतंत्र असलेला माणूस दुसऱ्या परतंत्र माणसाला हटकतो आहे, हे दृश्य त्या काळच्या हिंदी मनाला फार डाचले असले पाहिजे.

त्या गोळीबाराने साऱ्या चीनमध्ये संप आणि बहिष्कार पेटले, तेव्हा कुठे पालिकेचे कान उघडले. १९२८ साली तीन चिनी सभासद पालिकेत बसले आणि त्याच वर्षी १ जूनला बागेचे फाटक उघडले. थोडेसे प्रवेशशुल्क ठेवले, पण ते सर्वांना सारखे. उद्यानाची पाटी उतरायला साठ वर्षे लागली!

आता या बागेचे नाव ह्वांगपू उद्यान. १९९३ साली इथे लोकवीरांचे स्मारक झाले: एकमेकींना टेकवून ठेवलेल्या बंदुकांसारखे तीन उंच खांब, साठ मीटरांचे. जुना बँडचा चबुतरा गेला. पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी इथे वाजणारा पालिकेचा बँड वाढत वाढत पुढे शांघायचा सिंफनी वाद्यवृंद झाला आणि तो आजही वाजतो आहे. भल्या सकाळी गेलात तर म्हातारी माणसे झाडांखाली संथपणे हात फिरवीत व्यायाम करताना दिसतील. आत जायला तिकीट लागत नाही.